हिरवी बॅग वर गेली
चार वाजून दहा मिनिटांनी बुर्गी लॉइडलने रोसविथाच्या गेस्टहाऊससमोर व्हॅन उलटी लावली आणि मागचं दार उघडलं. आठ बॅगा होत्या. एकेक उचलून तिने हॉलमधल्या बाकाशेजारी रांगेत लावली. बॅगांचे मालक सकाळी इश्ल गावाहून सायकलवर निघालेले. वाइसेनबाखच्या खोऱ्यातून ते संध्याकाळपर्यंत आटरसे तळ्याच्या काठाला उतरायचे. सामान व्हॅनने त्यांच्या आधी. बुर्गीचा हा एकोणिसावा उन्हाळा. त्याआधी ती पोस्टाची बस चालवायची.

पाहुण्यांचे चेहरे तिला फारसे माहीत नसत. ती त्यांना बॅगांवरून ओळखे. हिरवी कॅनव्हासची बॅग टर्पस्ट्रा नावाच्या हॉलंडच्या गृहस्थाची. वय एकाहत्तर. सहा वर्षं तो जूनमध्ये येतोय. गेल्या वर्षीपर्यंत हिरव्या बॅगेसोबत एक लाल बॅग असायची. यंदा नव्हती.

"पाऊस पण व्हॅनमधूनच आणलास वाटतं?" रोसविथा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"त्याला जागा कुठे गं? तुझे पाहुणे घरंच बांधून आणतात."

"बोलू नकोस. माझ्याकडे आज मयताचं जेवण आहे. म्हातारा सुतार गेला ना. चाळीस माणसं येतील, सगळी काळ्या कपड्यांत आणि सगळी भुकेली."

बुर्गी हसली आणि काठाने पुढच्या गेस्टहाऊसकडे निघाली. पलीकडच्या धक्क्यावरचा वादळाच्या इशाऱ्याचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला होता. अजून सावकाश, म्हणजे नुसतं जपून राहा. तो दुप्पट वेगाने लागला की होड्यांनी काठ गाठायचा. डोंगराच्या खांद्यावर ढग बसला होता, शिसाच्या रंगाचा. वारा अजिबात नव्हता. ते तिला आवडलं नाही.

पाचला ती परत रोसविथाच्या दारात आली. पाहुणा आला की आपली बॅग आपण वर नेतो. त्यामुळे हॉल रिकामा म्हणजे सगळे पोहोचले, असा या धंद्यातला हिशोब होता. कुणी तो कागदावर लिहिलेला नव्हता, पण सगळे ड्रायव्हर त्यावरच चालत. बुर्गीने व्हॅनमधूनच काचेच्या दारातून पाहिलं. बाकाशेजारी काही नव्हतं. तिने ऑफिसला फोन लावला.

"रोसविथाकडचे आठही पोहोचले."

"बरं झालं," ऑफिसमधला कोर्बिनियन म्हणाला. "बंबवाल्यांचा फोन आलाय, खोऱ्याच्या वाटेवरचं फाटक बंद करायचं म्हणतात. आपलं कुणी आत नाही असं सांगतो."

आत कुणी असण्याची शक्यता असली, तर बंब आधी खोऱ्यातून एक फेरी मारतो. नसली तर फाटक बंद करायचं, कुलूप लावायचं आणि परत फिरायचं. त्या दिवशी बंब फाटकावर आला, दोनदा भोंगा वाजवला आणि परत गेला.

दिवा आता दुप्पट वेगाने लुकलुकत होता. पाऊस आडवा येऊ लागला. बुर्गी कॉफी प्यायला आत गेली. जेवणघरातून सूपचा वास येत होता आणि कुणीतरी मोठ्याने हसत होतं. रोसविथा कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"ती हिरवी बॅग! कंबर गेली माझी. विटा भरतो की काय तो?"

बुर्गीने कप खाली ठेवला. "तू उचललीस?"

"मग कोण उचलणार? चाळीस माणसं हॉलमधून येणार, बॅगांना ठेचकाळणार? साडेचारलाच सगळ्या वर नेल्या."

"आणि ते आलेत?"

"कोण?"

"रोसविथा, पाहुणे! आलेत का सगळे?"

दोघी मागच्या शेडकडे धावल्या. सात सायकली ओल्या होत्या, चिखल अजून ठिबकत होता. आठवी जागा कोरडी होती. टर्पस्ट्रा आला नव्हता.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी बुर्गीने बंबाचा प्रमुख इग्नात्स याला फोन केला.

"पण तुमच्या ऑफिसने तर सांगितलं, कुणी नाही."

"मीच सांगितलं होतं त्यांना."

"तू माणसं पाहिलीस?"

"हॉल पाहिला."

इग्नात्स म्हणाला, "फाटकावर ये. त्याला ओळखतेस ना?"

"बॅग ओळखते."

फाटकाच्या आत ओढा तपकिरी झाला होता, त्यातून दगड गडगडत होते. दीड किलोमीटरवर डोंगराचा एक तुकडा सायकलच्या वाटेवर उतरला होता. बंब पुढे जाईना. सहा जण दोराला धरून चालत गेले. बुर्गीला त्यांनी बंबातच बसवलं. वरून मधूनच खडीसारखा आवाज यायचा, की इग्नात्स हात वर करायचा आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. आधी सायकल सापडली, कठड्यावर लटकलेली. माणूस तिच्या पुढे, लाकडांच्या थप्पीआड. थप्पी घसरून एक ओंडका त्याच्या डाव्या पायावर आला होता.

दहा मिनिटं करवत चालवून त्यांनी त्याला सोडवलं. स्ट्रेचर बंबात ठेवलं, तेव्हा बुर्गीने त्याला पहिल्यांदा पाहिलं. उंच, हडकुळा, ओठ निळे. तो मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलत होता, न थांबता.

"पाचला तुमचा भोंगा ऐकला मी. दोनदा. म्हटलं, आलेच. मग ऐकू येईना."

इग्नात्सने बुर्गीकडे पाहिलं नाही, ड्रायव्हरला तेवढं म्हणाला, "चल, हाण."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी आठला सांगितलं, की जिवाला धोका नाही. पायाचं आज सांगता येणार नाही. रक्त बराच वेळ अडलं होतं. किती वेळ, असं त्यांनी विचारलं. बुर्गीने सांगितलं: साडेचारच्या सुमाराला ओंडका पडला असं तो म्हणाला, सातला निघाला. त्यातली अडतीस मिनिटं माझी. डॉक्टरांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं, दुसरं नाही.

कोर्बिनियनचा फोन आला. उद्या सुट्टी घे म्हणाला. ती नको म्हणाली.

डोंगर अजून ढासळतोय, असं इग्नात्सचं म्हणणं आहे. उद्या इश्लहून अकरा पाहुणे त्याच वाटेने निघायचे आहेत. फाटक उघडायचं की नाही, हे तो सकाळी सातला वर जाऊन ठरवेल. बुर्गीला पहिली बॅग साडेसातला उचलायची आहे.