एकत्र कुटुंबाची घरपट्टी

माझा एक वर्गमित्र अकोल्याला करकायदा शिकवतो आणि मी अमरावतीला संविधान. गेल्या काही वर्षांत आमच्या दोघांच्या विषयांच्या बांधावर बरंच नवं लिखाण होऊ लागलंय. कर भरणाऱ्याचं आणि सरकारचं नेमकं नातं काय, कर थकवल्यावरून निवडून आलेल्या माणसाला घरी पाठवणं घटनेत बसतं का, असले प्रश्न. ते वाचून आम्ही फोनवर भांडायचो. तो म्हणायचा, कर देणाराच हिशेब मागतो, कर सुटला की लोकशाहीचा दानधर्म होतो. मी म्हणायचे, इंग्रजांच्या काळात कर भरणाऱ्यालाच मत होतं, म्हणून माझ्या पणजोबाला ते कधी मिळालं नाही. माझे वडील मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आजोबांना पुढे करून केंद्रावर जायचे. हे सगळं त्याला माहीत होतं, त्यामुळे माझा आवाज चढला की तो गप्प बसायचा.

अशाच एका भांडणानंतर आम्ही मिळून लेख लिहायचं ठरवलं. विषय निवडला तो गावपातळीवरचा. ग्रामपंचायतीचा कर मागणीचं बिल आल्यावर मुदतीत भरला नाही, तर सदस्यपद जातं. आणि एकत्र कुटुंबात एकाने कर थकवला, तरी घरातले सगळेच अपात्र ठरतात. कागदावर हा नियम साधा दिसतो. पण ज्या बाईच्या नावावर घरही नाही आणि जिच्या हातात बिलही येत नाही, तिचं काय, असा माझा प्रश्न होता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अमरावतीत वकिली करते. ती म्हणाली, "मॅडम, अशीच एक बाई आहे. तिचं अपील परवाच फेटाळलं गेलं." अंजनगाव सुर्जीच्या पुढे त्या बाईंचं गाव. मी आणि मित्र त्याच्या गाडीने गेलो. घरी नको, असा त्यांचा निरोप होता, म्हणून शाळेच्या ओसरीवर भेटलो. रविवार होता, शाळा बंद. पस्तिशीची बाई, डोक्यावर पदर, बोलणं एकदम सरळ.

महिलांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा घरच्यांनीच त्यांना उभं केलं होतं. निवडून आल्यावर पहिलं वर्षभर घरचे सांगतील तिथे त्या सही करत होत्या. मग टाकीच्या दुरुस्तीचं काम निघालं. काम न होताच पैसे उचलले गेले, आणि त्यांनी ग्रामसभेत उठून विचारलं की टाकी अजून काहून गळते. ते काम त्यांच्या मोठ्या दिरांच्या, तिकडे ज्यांना भासरे म्हणतात त्यांच्या, दोस्ताने घेतलं होतं.

"मंग घरपट्टीचं बिल आलं," त्या सांगू लागल्या. "घर सासऱ्याच्या नावचं. सासरे गेले, तवापासून सारा कारभार भासऱ्यायकडे. त्यायनं बिल घेतलं अन् ठेवून देल्लं. दरसाल ते भरते, म्हून मी इचारलं नाई. मुदत सरली अन् आठवड्यात तक्रार झाली. तक्रार करणारा म्हंजे मी जिले पाडलं तिचा नवरा. अन् तो रोज भासऱ्यायच्याच बाजूले बसते."

"हे तुम्ही वरती सांगितलं नाही?" मित्राने विचारलं.

"सांगतलं ना. सायब म्हने, बिल घरात पोचलं का? मी म्हनलं, पोचलं. घर एकत्र हाय का? म्हनलं, हाय. मंग संपलं."

मित्राने चष्मा काढून पुसला. कायद्याच्या बाजूने त्याला बोलायचं होतं, हे मला दिसत होतं, पण त्याने गाडीची किल्ली काढली. निघताना बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, कायद्याचं लिहा. माह्या घरचं नका लिहू. मले त्याच घरात राहाचं हाय." मी शब्द दिला. मित्रानेही मान हलवली.

लेख लिहिताना तो शब्द जड गेला. त्यांची हकीकत काढल्यावर उरला तो नियम, न्यायालयांनी लावलेले त्याचे अर्थ आणि आमचे दोन वेगळे निष्कर्ष. लेख एका कायदेविषयक नियतकालिकात छापून आला आणि अकोल्याच्या एका महाविद्यालयाने त्यावर चर्चासत्र ठेवलं.

सभागृह भरलेलं होतं. आधी मी बोलले. एका निवृत्त वकिलांनी उठून विचारलं, "बाई, तुमचा मुद्दा पुस्तकी आहे. एकत्र कुटुंबात कोणी मुद्दाम कर थकवतं का? एक तरी उदाहरण द्या." काहीजण हसले. मी म्हटलं, उदाहरणं आहेत, पण इथे सांगता येणार नाहीत. लोक पुन्हा हसले. तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राने माइक ओढून घेतला. करकायद्याची बाजू मांडायला आलेला तो माणूस माझ्या बाजूने बोलू लागला. टाकी, दीर, ठेवून दिलेलं बिल, ओळीने सगळं. गावाचं नाव तेवढं घेतलं नाही. मी टेबलाखालून त्याचा हात दाबला, तरी तो थांबला नाही. बोलणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या.

बाहेर चहाच्या टेबलाशी मी त्याला बाजूला घेतलं. "तू मान हलवली होतीस."

"नाव कुठे घेतलं मी? आणि ते लोक तुले हसून राहिले होते."

"मला हसू दे की. शब्द तिला दिला होता."

"शब्दाने नियम बदलत नाही. लोकांले माणूस दिसला पाहिजे. आज पहिल्यांदा माझंच मत बदललं, हे तुले कळते का?"

ते मला कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त चिडले. त्याचं मत बदलायला मी दोन वर्षं भांडत होते. ते बदललं, आणि असं बदललं.

दोन दिवसांनी एका स्थानिक दैनिकात चर्चासत्राची बातमी आली. नाव नव्हतंच, पण तालुका होता, आणि पाण्याची टाकी होती. गावाला तेवढं पुरलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. "मॅडम, तुमी सांगतलं का सरनं, मले कराचं काय. छापून आलं. भासरे म्हने, घराची अब्रू वेशीवर टांगली. माह्या मालकानं दोन दिस जेवन केलं नाई." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं मी काय करू?" आणि फोन ठेवला.

मोठ्या दिरांनी थकलेली घरपट्टी भरून टाकली, आणि पोटनिवडणुकीत त्यांचीच बायको, म्हणजे बाईंची मोठी जाऊ, बिनविरोध निवडून आली.

त्यानंतर बरेच महिने गेले. यंदा उन्हाळ्यात अमरावतीच्या राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या जिन्याखाली त्या मला दिसल्या. मुलीला दहावीसाठी इथे ठेवलं होतं, स्वतः एका खोलीत राहून डबे करून देत होत्या. नवरा पंधरा दिवसांतून येऊन जातो, असं त्यांनीच सांगितलं. मला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील. पण त्यांनी गाड्यांच्या गर्दीतून मला रसवंतीच्या बाकावर नेलं आणि विचारलं, "पुढच्या बारीले मले उभं राहता येते का?"

"येतं. घराची थकबाकी नसली पाहिजे."

"म्हंजे परत भासऱ्यायच्या हातात."

"पंचायतीत घर वेगळं लावून घेता येईल. तुमच्या मालकांच्या नावाने वेगळी नोंद. मग कर तुमचा तुम्ही भरायचा."

त्यांनी रसाचा ग्लास बाकावर ठेवला. "वाटनी मांगा म्हनून राहिल्या तुमी," त्या म्हणाल्या. "भावाभावात वाटनी. पंचायतीत एक खुर्ची पाह्यजे म्हून." नियमातून निघणारी वाट तेवढी एकच होती, आणि ती त्यांच्या संसाराच्या मधूनच जात होती. "मालकाले इचारते," त्या शेवटी म्हणाल्या. "ते हो म्हनतीन असं वाटत नाई." वर्ग सुटला, मुलगी खाली आली, आणि दोघी बडनेरा रोडकडे चालत गेल्या.

मित्राने मध्यंतरी दुसऱ्या लेखाचा मसुदा पाठवला आहे. त्यात त्याने हा नियम घटनेतल्या समतेच्या हक्कापुढे टिकत नाही, असं ठामपणे लिहिलंय. युक्तिवाद उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगला. खाली त्याने आमची दोघांची नावं घातली आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तो अधूनमधून फोन करतो, आम्ही पावसापाण्याचं बोलतो, आणि लेखाचा विषय दोघंही काढत नाही.