अर्थिंगचा खड्डा

सासूबाई बोळातून आत आल्या आणि उजवा हात झटकत म्हणाल्या, "पुन्हा मुंग्या आल्या बाई. मेल्या रोजच्याच झाल्यात."

मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली. माझे मालक गेले त्या दिवशी त्यांच्याही हाताला आधी मुंग्याच आल्या होत्या. दुपारी तोंड वाकडं झालं आणि गाडी नगरला पोचायच्या आत सगळं संपलं होतं. तेव्हापासून घरात कुणी हा शब्द काढला की मी आधी त्याचं तोंड बघते.

"आत्याबाई, तोंड उघडा. जीभ बाहेर काढा."

"जीभ कशाला? मुंग्या हाताला आल्यात."

"काढा म्हणते ना!"

काढली. सरळ होती. मी दोन्ही हात वर करायला लावले, माझी बोटं दाबायला लावली. त्यांनी इतक्या जोरात दाबली की मीच ओरडले.

"म्हैस घ्यायला आलीस का बाजारात?" त्या म्हणाल्या. "दात राह्यलेत बघायचे. तेबी बघ."

तरी मी त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली, या वयात शिरा अशाच होतात म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्या सुरू झाल्या, मुंग्या थांबल्या नाहीत. त्या फक्त सकाळीच यायच्या, तेही रोज नाही. अर्धांगवायू काय सकाळची वेळ धरून येतो? हे कोडं मला सुटेना, आणि न सुटलेल्या गोष्टीची मला फार भीती वाटते. सौद्यात समोरचा माणूस का हसतोय ते कळलं नाही तर मी सौदा सोडून उठते. इथून उठून जाणार कुठे?

आमचं घर जामखेडला, बाजाराच्या रस्त्यावर. पुढं माझं भांड्यांचं दुकान, त्याच्या मागं माझी खोली, आणि खोलीच्या बाजूनं एक अरुंद बोळ. बोळाच्या भिंतीपलीकडं धाकटे दीर आणि जाऊबाई. मालक गेल्यावर वाटणी झाली तेव्हा मागचं सगळं अंगण दिरांनी घेतलं. भिंतीलगतचा निदान एक पट्टा मला द्या, असं मी पंचांपुढं ओरडून सांगितलं. दिला नाही. महिन्याच्या आत त्यांनी अंगणभर सिमेंटचे ब्लॉक बसवले आणि वर गाडी उभी केली. अंगण त्यांना आणि आई मला. आठवडी बाजारात जमिनीवर गोणपाट अंथरून मी पातेली विकली, त्यातून हे दुकान उभं राहिलं, आणि वाटणीच्या वेळी सगळे म्हणाले, वहिनींना काय कमी आहे! ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. दिरांशी माझं बोलणं तेव्हापासून बंद.

माझी खोली पश्चिमेची. उन्हाळ्यात दुपारनंतर भिंतीला हात लावला तर पोळतो. मागच्या उन्हाळ्यात आत्याबाईंना ऊन लागलं. त्या मला ओळखेनात, आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागल्या. सलाईनवर जगल्या. त्यानंतर मी ठरवलं की ही खोली थंड करायची, पण वीजबिलाच्या तोंडात पैसे कोंबायचे नाहीत. गच्चीला पांढरा रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीला चकचकीत कागद चिकटवला, दाराखालची फट रबराच्या पट्टीनं बंद केली. एसी घ्यायला नगरला गेले ती ऐन थंडीत, कारण तेव्हा दुकानात माशा मारत असतात. पाच स्टारचा, इन्व्हर्टरचा. त्याच्यावरच्या लेबलात वर्षाला किती युनिट लिहिलेत ते चारही कंपन्यांचं वाचून घेतलं. पोरगेला विक्रेता शेवटी हात जोडून म्हणाला, "काकू, आता माझा पगार पण घेऊन जा." सत्तावीसवर ठेवायचा, वर पंखा हळू लावायचा, खोली गार राहायची आणि बिल बेतात.

एसीचं बाहेरचं यंत्र बोळात, जमिनीपासून हातभर वर बसवलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याची नळीही तिथंच. जामखेडात टँकरची वाट बघण्यात जिचं आयुष्य गेलं, त्या बाईला ते पाणी वाया गेलेलं कसं बघवणार? आत्याबाईंनी नळीखाली बादली ठेवली. कोरड्या हवेत पाणी थोडंच पडायचं, पण रोज सकाळी त्या अनवाणी बोळात जायच्या, उजवा हात यंत्रावर टेकून वाकायच्या आणि बादली उचलून तुळशीला घालायच्या.

एका सकाळी त्यांची कंबर धरली होती म्हणून बादली आणायला मी गेले. बोळ ओला होता. त्यांच्यासारखाच मी यंत्रावर हात टेकला आणि कोपरापर्यंत काहीतरी थरथरत गेलं. हात आपोआप मागं आला. बादली लवंडली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मुंग्या म्हणजे काय, ते मला कळलं होतं. रोज सकाळी ही ऐंशीच्या घरातली बाई ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून करंटला हात लावत होती आणि मी तिला शिरांच्या गोळ्या देत होते.

एसीचं बटण बंद केलं, बोर्डातलं मेन बटणही पाडलं आणि वायरमनला बोलावलं. तो दुपारी आला, जरा जास्तच रुबाबात. टेस्टर लावला, एसी चालू करून लावला, बंद करून लावला. दिवा लागला नाही.

"काकू, काय नाही ह्यात. वय झालं की अंगच करंट मारतं."

"माझं वय काढू नकोस. तुझ्या बापाला मी भांडी विकलीत."

"म्हणून तर म्हणतो," तो म्हणाला आणि टेस्टर माझ्याकडं ठेवून गेला.

मेन बटण मी पाडलेलंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, नुसती खात्री म्हणून, टेस्टरचं टोक यंत्राच्या पत्र्याला लावलं. टेस्टरमधला दिवा लागला.

एवढी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते. बटण बंद होतं. वीज तोडलेली होती आणि तरी पत्रा जिवंत होता. ज्याचं बटणच नाही ते बंद कसं करायचं? आत्याबाई दारात येऊन "बादली दे" म्हणत होत्या आणि मी त्यांच्यावर खेकसले, "आत जा! पाऊल बाहेर टाकलंत तर बघा!" टेस्टर मी पत्र्यालाच दाबून धरला होता. एवढ्यात भिंतीपलीकडं, दिरांच्या न्हाणीघरात, खट् आवाज झाला. टेस्टरमधला दिवा विझला. मग पलीकडं तांब्यानं पाणी घेतल्याचा आणि दिरांच्या खाकरण्याचा आवाज आला.

दिरांचे गुडघे दुखतात. बारा महिने ते कढत पाण्यानं अंघोळ करतात. बादली भरली की वीज वाचावी म्हणून आधी गिझर बंद करायचा, मग अंघोळीला बसायचं, ही त्यांची जुनी सवय. गिझर चालू असताना यंत्रावर हात पडला, त्याच दिवशी मुंग्या.

वायरमन पुन्हा आला तेव्हा रुबाब नव्हता. त्यानं मला समजावलं ते असं : दोन्ही घरांचं अर्थिंग एकच. मालकांनी घर बांधताना अंगणात भिंतीजवळ खड्डा घेऊन, मीठ आणि कोळसा घालून केलेलं. गळणारा करंट तारेतून त्या खड्ड्यात उतरायचा आणि जमिनीत जिरायचा. त्यासाठी माती ओली लागते. मालक दर उन्हाळ्यात तिथं पाणी ओतायचे. आता वर ब्लॉक बसलेत, खाली माती ठणठणीत कोरडी. दिरांचा गिझर बोअरच्या क्षारानं खाल्लेला असणार. त्याचा करंट जमिनीत जात नाही, तो तारेतून उलटा फिरून तुमच्या पत्र्यात येतो.

"आज मुंग्या येतात," तो म्हणाला. "गिझरची कॉइल आणखी फुटली, तर मुंग्या येणार नाहीत."

"मग काय येईल?"

त्यानं यंत्राला गेलेली अर्थिंगची हिरवी तार कापली आणि म्हणाला, "आता एसी लावू नका. अर्थिंगशिवाय ह्याचाच पत्रा मारतो." माझ्या बोळात नवा खड्डा घेता येतो का तेही पाहिलं. पहार वीतभर गेली आणि कातळावर वाजली. माती होती ती दिरांच्या अंगणात.

मी गेले. किती वर्षांनी त्यांचा उंबरा चढले.

"भाऊजी, भिंतीजवळचे ब्लॉक काढा. अर्थिंग मेलंय. आत्याबाईंना रोज शॉक बसतोय."

दीर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भिंतीजवळचेच का?"

"खड्डा तिथं आहे म्हणून."

"तोच पट्टा, न्हाई का? पंचांपुढं मिळाला न्हाई, आता वायरमन घेऊन आलात."

"तुमचा गिझर गळतोय हो! टेस्टर लावून बघा."

"मला तर कधी मारला न्हाई."

"तुम्ही बंद करून अंघोळीला बसता म्हणून जिवंत आहात!"

जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सकाळच्या पारी कसलं बोलताय, ताई?"

डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच घात झाला. दीर हसायला लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते लहान, माझ्याबरोबर बाजारात बसलेले. गिऱ्हाईक उठायला लागलं की मी डोळ्यांत पाणी कसं आणते, परवडत नाही म्हणून आवाज कसा कापरा करते, हे त्यांनी शेजारी बसून पाहिलेलं. धंद्यात ते करावं लागतं आणि मला त्याची लाज नाही. पण आता माझा आवाज खरोखर कापत होता आणि तो हुबेहूब बाजारातल्यासारखाच निघत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "ते पातेल्याच्या गिऱ्हाइकाला दाखवा."

मी शिव्या दिल्या. त्यांनी दार लावलं.

त्या दुपारी ऊन भयंकर तापलं. एसी बंद. पंख्यातून भट्टीसारखी हवा येत होती. ओल्या चादरी लावल्या, त्या बघता बघता वाळल्या. आत्याबाई बोलायच्या थांबल्या. आधी कण्हत होत्या, मग तेही नाही. मी पायांना ओलं फडकं लावलं तर म्हणाल्या, "ताई, गाडी आली का गं?" त्यांची ताई म्हणजे ती मेलेली बहीण.

मी तशीच पळाले. दिरांचं दार दोन्ही हातांनी वाजवलं.

"पट्टा तुमचा," मी म्हणाले. "मी पुन्हा मागणार नाही. बोळाचं टोकही घ्या. फक्त ब्लॉक काढा."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या तोंडाकडं न बघता आकडा सोडला होता.

ते उंबऱ्यावर थांबले. "हे आईसमोर बोलाल?"

"चला."

ते आत आले. आईच्या खाटेशी उभे राहिले. त्यांच्याकडं बघून आत्याबाई म्हणाल्या, "तुमी कोन?" मी पट्ट्याचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आईला उचलून खालच्या फरशीवर निजवलं, जाऊबाईंना बर्फ आणायला ओरडून सांगितलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं आत्याबाईंच्या काखेत आणि मानेवर बर्फ धरून बसलो होतो. गाडीत जाऊबाई त्यांच्याबरोबर गेल्या. मी पैसे आणि गोळ्या घेऊन मागून निघाले, तेव्हा अंगणात पहारीचे घाव ऐकू येत होते. आईला बघून दीर हलले, की पट्ट्याचा वाद मिटला म्हणून हलले, हे मला आजवर कळलेलं नाही. बोळाचं टोक मात्र त्यांनी घेतलं. परत द्यायचं नाव काढलं नाही.

आत्याबाई वाचल्या. त्या घरी आल्या तोवर खड्डा पुन्हा भरला होता. जुना पाईप गंजून मोडलेला निघाला, माती राखेसारखी. नवा पाईप, नवं मीठ, नवा कोळसा. वायरमननं कापलेली तार जोडली, पाणी ओतायला सांगितलं आणि खड्डा ते पीत राहिला. आत्याबाई खुर्चीतून ओरडत होत्या, "अरं, मातीत काय ओतताय टँकरचं पानी! लई झालं का पानी तुमाला?"

गिझरची कॉइल दिरांनी बदलली. करंट गळला की आपोआप पडणारा ब्रेकर मी माझ्याकडं बसवला. वायरमन म्हणाला, त्यांच्याकडून करंट आला तर तो त्यांच्याकडच्याच ब्रेकरनं तुटेल, तिथंही हवा. मी भिंतीवरून सांगितलं. दीर म्हणाले, "बघू." अजून बघताहेत.

खड्डा त्यांच्या अंगणात आहे, आता माझ्याच तोंडच्या शब्दानं. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तिथं कळशी ओतायची हे जाऊबाईंनी कबूल केलंय. मी दुकानात गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असले तरी एक कान मागं असतो. मातीत पाणी पडल्याचा आवाज आला की मी बोळात जाते, पत्र्याला उलटा हात लावून बघते, आणि मगच आत्याबाईंचा एसी लावते. उलट्या हातानं, कारण झटका बसला तर मूठ आवळून पत्र्याला चिकटत नाही.

परवा टँकर आला नाही. संध्याकाळ झाली, आवाज आला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "लाव की गं मशीन, जीव चाललाय." मी बटणाजवळ उभी राहिले, पण बोट पुढं जाईना. शेवटी दुकानात विकायला ठेवलेल्या नव्या कळशीत आमच्या प्यायच्या पिंपातलं पाणी भरलं आणि दिरांच्या दाराची कडी वाजवली.

"काय पाहिजे?" आतून दिरांचा आवाज आला.

"काही नको," मी म्हणाले. "आत येऊ द्या."