डिफेक्ट घालणाऱ्या बाई

कृत्रिम डोळे बनवायच्या म्हणून त्यांना सगळे डोळेवाल्या बाईच म्हणत. इस्पितळामागच्या गल्लीत त्यांची खोली होती. खिडकीपाशी टेबल, स्टोव्हवर उकळणारे साचे, आणि बशीत एकटक वर बघत पडलेले तयार डोळे. नवं गिऱ्हाईक दाराशीच थबकायचं. बाई मात्र त्याच टेबलावर निवांत डबा खायच्या.

‘डिफेक्ट’ हा शब्द त्यांनी आपल्या उस्तादांकडून उचलला होता. बाहेरच्या जगात डिफेक्ट निघाला की लोक वस्तू दुकानदाराच्या माथी मारून येतात. फ्रिजमध्ये डिफेक्ट, शिलाई मशीनमध्ये डिफेक्ट; शेजारीण तर जावयातही डिफेक्ट आहे म्हणायची. या खोलीत सगळं उलटं. इथे डिफेक्ट काढत नसत, घालत. बुबुळ रंगवून झालं, रेशमाच्या लाल धाग्यांच्या शिरा झाल्या, की बाई त्या माणसाच्या खऱ्या डोळ्यात निरखून बघत. कुठे पिवळट डाग, कुठे तीळ. तो तस्साच उतरला की नवा डोळा जिवंत वाटायचा. डिफेक्ट घातल्याशिवाय डोळा कुणाच्या हातात द्यायचा नाही, असं उस्तादांनी बजावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं, आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाईंच्या लेकीचा उजवा डोळा लहानपणीच कात्री लागून गेला होता. डाव्या बुबुळात तिला एक तपकिरी ठिपका होता. तिचा प्रत्येक नवा डोळा बाईंनीच केला आणि प्रत्येकात तो ठिपका घातला. आता तिला एका मोठ्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली, म्हणून नवा डोळा करायचा होता.

“आई, या वेळी ठिपका नको,” ती म्हणाली. “एक तरी डोळा स्वच्छ असू दे माझा.”

बाईंनी आढेवेढे घेतले, पण पोरीपुढे त्यांचं कधी काही चाललंय? डोळा झाला. इतका सुंदर झाला, की त्यांनाच त्याच्याकडे बघवेना.

काही दिवसांनी लेकीला जेवायला वाढताना त्यांनी सवयीने तिच्या डोळ्यांत पाहिलं. डाव्या, खऱ्या डोळ्यातला ठिपका पुसट झाला होता. पुढे तो गेलाच. मग पांढऱ्या भागातल्या शिरा गेल्या. लेक खुशीत होती, दुकानात सगळे तिच्या डोळ्यांची तारीफ करत होते. आणि एका सकाळी तिने चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला.

“दिवा लाव ना, आई,” ती म्हणाली. ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं.

डॉक्टरांनी उलटसुलट तपासलं. इतका निर्दोष डोळा आपण पाहिला नाही, म्हणाले.

बाईंनी लेकीचा नकली डोळा काढून घेतला आणि तडक खोली गाठली. ठिपका नेमका कुठे होता, तेच आठवेना. जन्मभर बघितलेला ठिपका! शेवटी डबीत जपलेला लेकीचा लहानपणचा इवलासा नकली डोळा त्यांनी समोर ठेवला, नव्या डोळ्यावरचा पारदर्शक थर खरवडला आणि कुंचला टेकवला. वयामुळे हल्ली हात थरथरायचा, त्यात ही भीती. कुंचला घसरला आणि ठिपक्याला बारीक शेपूट फुटलं. पुसून पुन्हा काढायचा धीर त्यांना झाला नाही. तसाच वरून थर चढवला, घासून चकचकीत केला आणि लेकीला बसवला.

दुसऱ्या सकाळी लेकीने स्वतः चहा गाळला, एक थेंब न सांडता.

“दिसतंय, आई.”

बाई ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या डोळ्यात शिरा परत आल्या होत्या. ठिपकाही आला होता. त्याला बारीक शेपूट होतं.

लेकीला काही वर्षांनी पुन्हा नवा डोळा लागणार होता. बाईंनी हनुवटीवरचा हात काढून घेतला. तो अजून थरथरत होता.