खुशालीचं पान

"तिथंच ठेव. पायरीवर. वर येऊ नको."

काकूनं दारातूनच सांगितलं. मी पिशवी पायरीवर ठेवली अन् मागं सरले. काकूच्या हातात फवाऱ्याची बाटली होती. तिनं पिशवीवर सॅनिटायझर मारलं. मंग पिशवीचं तोंड उघडून आतले कागद काढले, एकेक चिमटीत धरला, दोन्ही अंगानं फवारला. मी जिथं हात टेकवला होता त्या कठड्यावर मारलं. मी उभी होते त्या फरशीवर मारलं.

माझी पोरगी सुजाता माझ्याजवळ उभी होती. तिसरीतली. तिचं सगळं ध्यान त्या कागदांत. त्यातल्या एका पानावर तिनं पेनानं लिव्हलं होतं. फवारा बसला तशी शाई पसरली. अक्षरं फुगली, एकात एक गेली, पान नुसतं निळं झालं.

सुजाता म्हणली, "काकू, ते ऋतूसाठी होतं."

काकूनं ऐकलं न्हाई, का ऐकून सोडून दिलं, म्हाईत न्हाई. तिची पोरगी ऋतू दारामागून बघून राह्यली होती. काकूनं तिला हातानं आत लोटलं.

आता तुम्ही म्हणाल, कोरोनाचे दिवस होते, फवारणारच ना माणूस. मी पण तेच म्हणत होते. लई दिवस तेच म्हणत होते. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, राजूरहून आत. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आम्ही बौद्ध. नवरा जालन्याला सळईच्या कारखान्यात होता, लॉकडाऊन लागलं तसा घरी येऊन बसला. मी दहावीपर्यंत शिकले अन् दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. काकू म्हणजे वरच्या आळीतलं मोठं घर, तिच्याच वावरात माझं काम होतं. तिची ऋतू अन् माझी सुजाता एका वर्गात, एका बाकावर. खिचडी खायला सुद्धा शेजारी शेजारी बसायच्या. शाळेत दोघींची पक्की जोडी होती.

शाळा बंद झाली. मोबाईलवर चालू झाली म्हणे. ज्यांच्या घरी तसला मोबाईल अन् रेंज, त्यांची चालू झाली. आमच्या वस्तीत बटनाचे मोबाईल, त्यात शाळा कुठून येणार? अन् वरच्या आळीत मोबाईल होते तर तिथं रेंज न्हवती. राजूरची झेरॉक्सची दुकानं बंद. मंग आमच्या गुरुजींनी डोकं लावलं. खरं सांगते, चांगला माणूस. घरी बसून हातानं धडे लिव्हले, गणितं लिव्हली, चित्रं चिकटवली अन् एका कापडी पिशवीत घातली. ही पिशवी तिसरीतल्या लेकरांच्या घरोघर फिरणार. लेकरानं वाचायचं, उत्तरं वहीत लिव्हायची, अन् पिशवी पुढच्या घरी द्यायची. फेरा झाला की गुरुजी नवी भरून देणार.

पिशवीत एक कोरं पान असायचं. गुरुजी त्याला खुशालीचं पान म्हणायचे. लेकरं एकमेकांना भेटत न्हवती ना, म्हणून प्रत्येकानं त्यावर आपली खुशाली लिव्हायची. घरी काय चाललंय, काय खेळलो, कोणाची आठवण येते. पुढच्यानं वाचायचं अन् खाली आपलं लिव्हायचं. फेरा झाला की ते पान गुरुजी काढून ठेवायचे अन् नवं कोरं घालायचे.

पिशवी वरच्या आळीतून सुटायची. मंग मधली गल्ली, मंग धनगरांची घरं, अन् सगळ्यात शेवटी वस्ती. हे कोणी ठरवलं? कोणीच न्हाई. आमच्या गावात असल्या गोष्टी ठरवाव्या लागत न्हाईत. अन् आमच्या हातात कोणी देत न्हवतं. वस्तीच्या हापशाच्या दांड्याला पिशवी अडकवायची, लांबून हाक मारायची अन् निघून जायचं. अंतर ठेवा, अंतर ठेवा, टीव्हीवर तेच चालू होतं. मी सुजाताला म्हणायचे, बघ, लोकं कसे नियम पाळून राह्यले.

पोरगी त्या पानासाठी जीव टाकायची. पिशवी आली की धडा बाजूला, पहिले ते पान. मला वाचून दाखवायची. कोणाच्या घरी पाहुणे अडकून पडले, कोणाची सायकल पंचर झाली, ऋतूनं शेवया केल्या. हसायची. मंग राह्यलेल्या जागेत, एकदम खाली, कोपऱ्यात आपलं बारीक अक्षरात लिव्हायची.

एक दिवस लिव्हता लिव्हता थांबली. म्हणली, "आई, मी सगळ्यांचं वाचते. माझं कोण वाचतं?"

मी म्हणलं, "गुरुजी वाचतात."

"गुरुजी न्हाई. पोरं."

तिचं बराबर होतं. वस्ती शेवटची. वस्तीच्या पुढं घरच न्हाई. आमच्या लेकरांनी गावाची खुशाली वाचायची, आमच्या लेकरांची खुशाली गावातल्या एका पण लेकरानं वाचायची न्हाई. आठ वर्षांच्या पोरीला ते दिसलं. मला दिसलं न्हवतं.

मंग वरच्या आळीत बिमारी निघाली. काकूच्या शेजारच्या घरात. आळीच्या तोंडाला लाकडाच्या बल्ल्या बांधल्या, येणं जाणं बंद. गुरुजी पिशवी घेऊन आमच्या दारात आले, म्हणले, "ताई, या टायमाला तुमच्यापासून सुरू करा. आळी उघडली की ऋतूच्या घरी पोचवा, पुढं ते देतील."

पोरीला आभाळ ठेंगणं झालं. पान कोरं. वरपासून खालपर्यंत कोरं. मला म्हणली, "पेन दे. पेन्सिल नको." बापाच्या खिशातला पेन घेतला. दुपारभर पाटावर बसून लिव्हलं. काय लिव्हलं ते मला तोंडपाठ आहे. ऋतू, आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एकाचं नाव ठेवलं. दुसऱ्याचं तू ठेव, पुढच्या फेऱ्याला लिहून पाठव. शाळा उघडली की आपली जागा कोणाला देऊ नको. तुझी सुजाता.

आळी उघडली त्या दिवशी नवा फ्रॉक घालून माझ्यासंगं निघाली. मी म्हणलं, पिशवीच तर द्यायची, नवा कपडा कशाला? ऐकलं न्हाई. अन् मंग ते पायरीवरचं झालं.

तिथं उभं राहून पण मी मनात म्हणत होते, बिमारीचे दिवस आहेत, भ्या वाटतं माणसाला. तेवढ्यात शेजारची बाई आली. ज्या घरात बिमारी निघाली होती, त्याच घरची. विरजण मागायला. काकूनं आतून वाटी आणली अन् तिच्या हातात दिली. हातातून हातात. फवारा न्हाई, पायरी न्हाई, दोघी घडीभर बोलल्या सुद्धा. बाई माझ्याकडं न बघता निघून गेली.

बिमारी त्यांच्या आळीत. आमच्या वस्तीत एक माणूस खोकललं न्हवतं. त्या सगळ्यांच्या हातातून फिरलेली पिशवी आम्ही हापशावरून उघड्या हातानं घ्यायचो, लेकरांच्या मांडीवर ठेवायचो. अन् फवारा आमच्या पोरीच्या अक्षरांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या अंगातून आग निघाली. आग काकूवर, अन् त्याहून जास्त त्या 'अंतर ठेवा'वर. जुनंच होतं ते. माझ्या आजीला ठेवायला लावलं तेच अंतर. कोरोनाचं नाव घेऊन परत गावात आलं अन् आम्ही त्याला नियम म्हणलो.

मी पुढं झाले. पायरीवरची पिशवी उचलली, ओले कागद आत घातले.

काकू म्हणली, "अगं, आत्ता तर फवारलं. परत हात लावला?"

बस. भ्या बिमारीचं न्हवतं, माझ्या हाताचं होतं, हे तिच्याच तोंडून निघालं.

मी म्हणलं, "काकू, बिमारी तुमच्या आळीत निघाली. आमच्यात न्हाई."

"तोंड लई चालायला लागलं तुझं. उद्यापासून निंदायला येऊ नको."

"न्हाई येत. पण पिशवी आता पायरीवर ठेवणार न्हाई. हातात घ्यायची तर घ्या."

तिनं दार लावलं. मी पिशवी घेऊन माघारी निघाले. घरात एक माणूस बिनकामाचा होताच, आता दोन झाले.

देवळापुढून खाली उतरल्यावर सुजाता म्हणली, "आई, आपल्याला कोरोना झालाय का?"

"न्हाई."

"मंग काकूनं माझंच काहून पुसलं?"

लेकराला काय सांगावं? माझ्या आईनं मला कधी सांगितलं न्हाई. मूग गिळून जगली अन् तशीच गेली. मी रस्त्यातच खाली बसले, तिला समोर धरलं अन् सांगितलं. ह्याला जात म्हणतात. तुझ्या पणज्यानं धर्म बदलला, गाव न्हाई बदललं. ते आपल्याला कमी समजतात. आपण कमी न्हाई.

तिनं नीट ऐकून घेतलं. मंग म्हणली, "ऋतू पण समजते?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली न्हाई. माझा हात सोडून पुढं चालायला लागली.

दिवस मावळायच्या आत गुरुजी आले. त्यांना कळलं होतं. मी म्हणलं, गुरुजी, एक फेरा वस्तीतून सोडा, एक आळीतून. पिशवी हातातून हातात जाईल. फवारायचं तर सगळ्यांच्या हातचं फवारा, न्हाईतर कोणाचंच नको. एवढंच माझं म्हणणं.

गुरुजी खाली बघत म्हणले, "ताई, तुमचं बराबर आहे. पण गावाचं वातावरण बघा. वाढवू नका."

पिशवी घेऊन गेले. त्यानंतर पिशवी फिरली न्हाई. ना आळीत, ना वस्तीत. गावानं म्हणलं, हिच्यामुळं लेकरांची शाळा बंद पडली. वस्तीतल्या दोन बाया पण म्हणल्या, काय गरज होती? कागद तर येत होते ना. ते ऐकून मला लई दुःख झालं. लेकरांचं नुकसान झालं हे खरंच होतं, माझ्या लेकीचं पहिले झालं. पण कागद येत होते म्हणून काय बी सोसायचं, हे मला आता जमणार न्हवतं.

पुढं शाळा उघडली. ऋतू दुसऱ्या बाकावर बसली. तिला घरून सांगितलं असंल. सुजातानं तिला काही इचारलं न्हाई.

आता सुजाता आठवीत आहे. गणितात पुढं, विज्ञानात पुढं. मागल्या परीक्षेत तिच्या मॅडमनी मला बोलावून मराठीचा पेपर दाखवला. 'माझी मैत्रीण' असा निबंध होता. वर प्रश्नाचा नंबर टाकलेला अन् खाली सगळं पान कोरं. मॅडम म्हणल्या, "हुशार पोरगी आहे, एवढं सोपं कसं सोडलं?" मी त्या पानाकडं बघत बसले. बाहेर आले अन् शाळेच्या भिंतीला टेकून रडले. दुपारभर पाटावर बसून लिव्हणारी माझी पोरगी, तिनं स्वतःचं म्हणून काही लिव्हलेलं मी त्या दिवसापासून पाह्यलं न्हाई.

माझा लहाना पोरगा आता गावातल्या त्याच शाळेत दुसरीत आहे. म्हणून मी शाळेच्या व्यवस्थापन समितीत नाव दिलं. घ्यायला तयार न्हवते, पण दहावी शिकलेल्या आया गावात लई न्हाईत. परवा गॅदरिंगची सभा होती. नाचांची पाळी वाचून दाखवली. वस्तीतल्या लेकरांचा नाच एकदम शेवटी, बक्षिसं वाटून झाल्यावर, माणसं चपला शोधायला लागतात तेव्हा.

मी उभी राह्यले. म्हणलं, "हा नाच पहिला ठेवा."

अध्यक्ष हसले. "अहो ताई, लेकरांचं आहे. एवढ्या तेवढ्यासाठी वाढवू नका."

मी बसले न्हाई. म्हणलं, एवढ्या तेवढ्यानंच माझी एक पोरगी मुकी झाली. तिच्या टायमाला मला कळायला उशीर झाला. लहान्याच्या टायमाला होऊ देणार न्हाई. काम जाईल, जाऊ द्या. गाव बोलणार न्हाई, नका बोलू. तुम्ही जिथं आमचं लेकरू शेवटी ठेवाल तिथं मी अशीच उभी राहीन, अन् वाढवणार.