वही मी उघडली

गजाननभाऊजी गेले त्याला आता पाच आठवडे झाले. सकाळी गंगेवरून आले, ओला पंचा दोरीवर टाकला, मला म्हणाले, "वहिनी, आज चहात साखर टाका जरा. डॉक्टर काही इथे बघायला येत नाही." आणि भिंतीला टेकून बसले. मी कप घेऊन आले तोवर संपलं होतं. त्रास झाला नाही, हे सगळे सांगतात. मला त्याचं विशेष वाटत नाही. एकोणसाठ हे काही जायचं वय नव्हे.

दहाव्याला घरी माणसं बसली होती. पंचवटीतले, ओळखीचेच. त्यातले एक गृहस्थ बाजूच्याला हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी तसे फार सज्जन. आणीबाणीत डब्यासाठी वही उघडली, तेवढं सोडलं तर..." बाजूच्याने मान हलवली. मी तीन हातांवर बसले होते. माझे कान अजून चांगले आहेत. हे वाक्य मी दहा वर्षं ऐकते आहे, भाजीबाजारात, देवळात, नळावर. भाऊजी होते तोवर त्यांनी मला बोलू दिलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहिते. मी मराठी चौथी शिकलेली बाई आहे, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. वही त्यांनी उघडली नाही. मी उघडली.

कुठली वही, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. कोणी अस्थी घेऊन आला, श्राद्धाला आला, की त्याच्या गावाची वही काढायची, त्यात त्याच्या आज्या-पणज्याची सही दाखवायची आणि खाली त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. नाव, बापाचं नाव, गाव, कशासाठी आलो, सध्या मुक्काम कुठे. वह्या लाल फडक्यात बांधलेल्या, गावागावाप्रमाणे लावलेल्या, जुन्या मोडीत. नियम तीनच. वहीत खोटं लिहायचं नाही, लिहिलेलं खोडायचं नाही, आणि ज्या घराण्याचं पान त्या घराण्याच्या माणसालाच ते दाखवायचं. माझे यजमान लवकर गेले. मग वह्या भाऊजींकडे आल्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, त्यांची मुंज माझ्यासमोर झाली. पुढे त्यांची बायकोही गेली, मुलगा मुकुंद माझ्याच हाताखाली वाढला. घरात आम्ही तिघं.

आता त्या वर्षाबद्दल. मी जुन्या मताची आहे आणि ते लपवत नाही. आणीबाणी आली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. त्याआधीचं वर्ष नुसतं मोर्चे, बंद, दगडफेक यांत गेलं होतं. पोरं कॉलेज सोडून रस्त्यावर. मग एकदम सगळं चूप झालं. रेशनच्या दुकानावर भावाची पाटी लागली, कचेरीतले कारकून साडेदहाला खुर्चीत दिसू लागले. मी भाऊजींना म्हटलं, "बघा, जरा धाक असला की माणसं सरळ वागतात." ते पोथी वाचत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी, आपल्या घरात स्वयंपाक सोवळ्यात होतो तो कुणाच्या धाकाने?" मी म्हटलं, "तुमच्या." तर हसले. "माझ्या नव्हे. माझ्यावरही ज्याचा धाक आहे ना, त्याच्या. या सरकारवर कुणाचा आहे ते सांगा." मला तेव्हा ते बोलणं शहाणपणाचं नव्हे, आडमुठेपणाचं वाटलं.

त्या थंडीत वणीकडचे रामभाऊ मास्तर आले. बंदी घातलेल्या एका संघटनेचे कार्यकर्ते, सात-आठ महिने भूमिगत. त्यांचे वडील गावी वारले, मास्तरांना अग्नी द्यायला जाता आलं नाही. पोलीस घरावर बसलेले. दहाव्याला रामकुंडावरही साध्या कपड्यातली दोन माणसं फिरत होती, भाऊजींनी ती ओळखली होती. मास्तर आले ते चार दिवस उशिरा. मिशी काढलेली, डोक्याला फेटा, चुलत भावाने पोचवलेल्या अस्थी पिशवीत. विधी झाला. आमच्या ओसरीवर येऊन बसले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. भाऊजींनी गावाची वही काढली, पान उघडलं. मास्तरांनी आजोबांची सही बघितली, तिच्यावर बोट ठेवून थोडा वेळ तसेच बसले... मग टाक घेऊन लिहू लागले. मी पाणी द्यायला गेले होते. बघते तर खरं नाव, आणि खाली, सध्या मुक्काम येवले, सोपान विणकर यांचे घरी.

मी म्हटलं, "अहो मास्तर, लपलात ना तुम्ही? मग पत्ता कशाला लिहिता? दुसरं काहीतरी लिहा."

मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांच्या पाण्यात थुंकले आहे. "आत्ता वडिलांना पाण्यात सोडून आलोय वहिनी. लगेच खोटं लिहू?"

"मग पत्त्यापुरती जागा रिकामी सोडा."

भाऊजी म्हणाले, "रिकामी जागा म्हणजेसुद्धा खोटंच. वही कुणी बघत नाही, वहिनी. तुम्ही पोळ्यांचं बघा."

दोन शहाणी, वयाने वाढलेली माणसं. एकाच्या मागे पोलीस, दुसऱ्याच्या दारात पोलीस, आणि दोघांनी मिळून पत्ता लिहून ठेवला. अशी चूक चोर करत नाही, लबाड माणूस करत नाही. मी पोळ्यांकडे गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी फौजदार आला. तरुण होता, बोलायला गोड. बूट बाहेर काढून आला. "गुरुजी, एकच पान बघायचंय."

भाऊजींनी विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" त्याने सांगितलं. "मग तुमची वही आमच्याकडे नाही, पलीकडच्या गल्लीत आहे. तिथे जा, तुमचे पणजोबा दाखवतील. दुसऱ्याचे पणजोबा तुम्हाला कशाला हवेत?"

फौजदार हसला, पण उठला नाही. त्याला जप्ती करता आली असती. पण खोलीत वह्यांची शेकड्यांनी बासनं, कुठलं गाव कुठे ते आमच्या घराबाहेर कुणाला कळत नसे. आणि लोकांच्या पूर्वजांच्या वह्या जीपमध्ये भरून नेल्या असत्या तर सगळी पंचवटी रस्त्यावर आली असती, हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "मग चौकीवर चला. तिथे आठवतं माणसांना." भाऊजींनी अंगरखा घातला, मुकुंदला म्हणाले, "संध्या चुकवू नकोस," आणि गेले.

भाऊजी घराबाहेरचं अन्न घेत नसत. कुणाच्या लग्नातसुद्धा नाही. ते काही दाखवायला नव्हतं, लहानपणापासूनची सवय होती, आणि ती मीच लावलेली. मी अकराला डबा घेऊन चौकीवर गेले. पाण्याचा तांब्या आत गेला, डबा नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. मंगळवारी दोन्ही वेळा तेच. बुधवारी शिपाई म्हणाला, "मावशी, म्हातारबुवा भिंतीला टेकून बसलेत. हॉटेलातली भाजीपोळी ठेवली तर ताट सरकवतात." अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला तो म्हातारबुवा म्हणाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कसे दिसत असतील. गल्लीत सगळे कुजबुजत होते, मिसा कायदा लावला तर तारीख नाही, वकील नाही, वर्षसुद्धा जाईल. ज्यांच्या घरची कार्यं भाऊजींनी केली होती ते वकील त्या दिवशी मला घरी भेटले नाहीत. बायको म्हणाली, कोर्टात गेलेत. त्यांच्या वहाणा दारातच होत्या.

गुरुवारी दुपारी फौजदार आमच्या घरी आला. पुन्हा बूट काढले. "आजी," म्हणाला. मला चौपन्नावं चालू होतं. "आजी, डबा आत जावा असं तुम्हाला वाटतं. वही बाहेर यावी असं मला वाटतं. आपण दोघं एकमेकांचं काम करू."

मी म्हटलं, "तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का?"

तो म्हणाला, "आई म्हणते, वरच्यांचं ऐक."

मी उठून वह्यांच्या खोलीत गेले. दर दसऱ्याला वह्या मी झटकते, गाव कुठे ते मला ठाऊक. बासन सोडलं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत पान काढलं. पान फाडून चुलीत टाकावं असं मनात आलं. पण त्याच पानावर आजोबांची सही होती, तिच्यावर आणखी चौघांच्या. मुंज माझ्यासमोर झालेला एक माणूस चार दिवस उपाशी आहे आणि हे लोक मेलेले आहेत, असंही मनात आलं. मास्तर जिवंत होते, ते मात्र त्या वेळी मनात आलं नाही. सोपान विणकर तर मुळीच नाही. मी वही बाहेर आणून फौजदारासमोर ठेवली. त्याने ओळ उतरून घेतली आणि म्हणाला, "अक्षर चांगलं आहे." अर्ध्या तासात डबा आत गेला. भात, वरण, दोडक्याची भाजी. भाऊजींनी सगळा संपवला, शिपायाने रिकामा परत दिला. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सुटले. अंघोळ करून वह्यांच्या खोलीत गेले आणि तिथूनच हाक मारली, "वहिनी, ही गाठ माझी नाही."

मी म्हटलं, "माझी आहे."

दारापर्यंत आले. मग विचारलं, "पान फाडलं नाहीत ना?"

"नाही."

"बरं केलंत." आणि छत्री घेऊन एस.टी. स्टँडवर गेले, येवल्याची गाडी धरायला. उशीर झालेला होता. जीप आदल्या संध्याकाळीच तिथे पोचली होती. मास्तरांना नेलं, सोपानलाही नेलं. सोपानचा राजकारणाशी काही संबंध नव्हता, मास्तरांनी त्याच्या पोराला फुकट शिकवलं होतं एवढंच. पुढच्या महिन्यात मी बाजरीची गोणी घेऊन त्याच्या घरी गेले. मागावर पैठणी अर्धी विणलेली, वर फडकं टाकलेलं. त्याची बायको म्हणाली, "कुनी सांगितलं असंल हो? आमी तर कुनाचं काय वाकडं केलं नाय." सांगायचं मनात घेऊनच गेले होते. चहा पिऊन परत आले. सोपान चार महिन्यांनी सुटला. मास्तर निवडणुका झाल्यावर.

त्यांचा सत्कार झाला, गुलाल उडाला. नवं आलेलं ते सरकारही पुढे टिकलं नाही, ते सोडा. पण तेव्हापासून मास्तर आमच्या घरी आले नाहीत आणि भाऊजींच्या मागे ते वाक्य लागलं, डब्यासाठी वही उघडली. घाटावर काही लोक ऐकू जाईल असं विचारायचे, "काय गुरुजी, आज डब्यात काय?" चार गावच्या लोकांनी उपाध्ये बदलले. मी भाऊजींना एकदा म्हटलं, "मी सांगते उद्या सगळ्यांना." ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला रोज भाजीबाजारातून जायचं असतं. मला नुसतं घाटापर्यंत. राहू दे." मी राहू दिलं. हे मी स्वतःला माफ करून लिहीत नाही. मला ते सोयीचं होतं.

धाकाने माणसं सरळ वागतात असं मी म्हटलं होतं. वागतात. फौजदार वरच्यांना घाबरून वागला, वकील फौजदाराला, मी भाऊजींच्या उपासाला. त्या दिवसांत न घाबरता वागलेली माणसं मी दोनच बघितली, आणि ती दोघंही मला जुनाट वाटत आलेल्या तीन नियमांनी बांधलेली होती. माझं मत तेव्हापासून जास्तच जुनं झालं आहे.

गेल्या आठवड्यात मास्तर आले. दहा वर्षांनी. खूप थकले आहेत. ओसरीवर बसून मुकुंदला म्हणाले, "पान बघू दे एकदा." मुकुंदने वही काढली. घराण्याच्या माणसाला दाखवायला हरकत नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि वही माझ्याकडे वळवली. "वहिनी, हे काय आहे?"

मास्तरांच्या ओळीखाली भाऊजींचं अक्षर होतं, चौकीवरून आले त्याच दिवसाची तिथी. मी बोट ठेवून वाचलं. "या पानावरील मजकूर मी, गजानन, याने आपल्या हाताने परक्यास दाखविला. घराण्याची क्षमा मागतो."

"मास्तर, हे खोटं आहे," मी म्हटलं, आणि त्यांना सगळं सांगितलं. गाठीचं, दोडक्याच्या भाजीचं, सगळं. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मला चार अक्षरं टाकायची होती त्यांनी... मी दहा वर्षं रस्ता बदलून जात होतो हो."

मी मुकुंदला म्हटलं, ही ओळ खोड. तो म्हणाला, "माई, वहीत खोडता येत नाही." मग खाली मी खरं काय ते लिहिते, म्हटलं. तो टाकाशी चाळा करू लागला. त्याला सांगायला अवघड जात होतं, म्हणून मीच म्हटलं, बायका वहीत लिहीत नाहीत, मला माहीत आहे. तो नियम मला मान्य आहे. आज माझी सोय होते म्हणून मी तो मोडणार नाही, वहीचा एक नियम मोडून झाला आहे.

तेव्हा ती ओळ तशीच राहणार. वह्यांच्या त्या खोलीत किती पिढ्यांची माणसं लिहून गेली आहेत, मला मोजता येणार नाही. त्या सगळ्यांत जाणूनबुजून लिहिलेलं खोटं हे एकच. लिहिणारा असा, की मास्तरांनी पत्त्याची जागा रिकामी सोडलेलीही त्याला चालली नव्हती. काल मी त्या बासनाला पुन्हा गाठ मारली, माझ्या पद्धतीची. मुकुंदने बघितली. सोडली नाही.