दर महिन्याची दहा तारीख

वेधशाळेत एकतीस वर्षं काढूनही आपल्याला आकाशातलं ओ की ठो कळत नाही, असं काकू स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांचं काम तळघरात, जुन्या फोटोंच्या फाइली नव्या संग्रहात चढवण्याचं. यंत्रांसाठी खोली गार ठेवलेली, म्हणून भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. चष्म्याला दोरी, दोरीला गाठ.

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर माहितीच्या काही ओळी असतात: दुर्बीण कुठली, तारा कुठला, तारीख काय. नव्या संग्रहाला तारीख वर्षापासून सुरू झालेली लागे. जुन्या फाइलींत ती दोन-दोन आकड्यांत, मध्ये तिरक्या रेघा. ती बदलायला एक प्रोग्रॅम दिला होता.

सोमवारी सकाळी त्या प्रोग्रॅमनं काकूंना आनंदानं वेडं केलं. त्यांना नोकरीला लावणारे सर आता चौऱ्याऐंशीचे, अंथरुणाला खिळलेले. मधूनच भडकणाऱ्या एका ताऱ्याचे त्यांनी फोटो काढले होते. पण तो भडकतो हे सत्त्याण्णवच्या जूनमध्ये भलत्याच वेधशाळेनं जाहीर केलं आणि मान तिकडे गेला. आता पडद्यावर सरांचा भडकलेला तारा, आणि खाली तारीख: दहा फेब्रुवारी सत्त्याण्णव! काकूंनी उभ्याउभ्याच फोन लावला.

"सर, पहिले तुम्हीच!"

"अगं, काय सांगतेस! सूनबाई, ऐकलंस का?"

दुपारी काकूंनी यादी नीट पाहिली आणि त्यांना काहीतरी खटकलं. पुढचा फोटो दहा मार्चचा. मग दहा एप्रिल. दहा मे. थेट डिसेंबरपर्यंत, दर महिन्याला एक.

"साहेब, सर दहा तारखेलाच फोटो काढायचे का हो?"

"तेव्हा पगार दहाला होत असेल," पलीकडच्या टेबलावरचे विभागाचे साहेब मान वर न करता म्हणाले.

काकूंनी मूळ फाइल उघडली. ०२/१०/९७. पुढची ०३/१०. त्याआधी पंचवीस-नऊ, सव्वीस-नऊ. पंचविसावा महिना नसतो, म्हणून प्रोग्रॅमनं त्या सरळ वाचल्या होत्या. बारापर्यंतचे दिवस मात्र महिने समजून फिरवले होते. की प्रोग्रॅमनं वाचलेलंच खरं? त्या काळी एखाद्या यंत्रात महिना आधी असेलही. काकूंना तसं असावं असं फार वाटत होतं, त्यामुळे त्या आणखीच गोंधळल्या.

मग सरांचं जुनं बोलणं आठवलं: तारीख पटली नाही, तर त्या रात्री तो तारा वर होता का बघ. साहेबांनी आकाशाचा नकाशा काढून दिला. दहा फेब्रुवारीला तारा सूर्याला अगदी चिकटून. उगवणार दिवसा, मावळणार दिवसा. त्याचा फोटो निघणंच शक्य नव्हतं.

काकूंनी तीनदा फोन उचलून ठेवला. चौथ्यांदा लावला, तर सूनबाईच बोलल्या.

"काकू, आज ते उठून बसलेत! दोन घास जास्त खाल्ले. शेजाऱ्यांना बोलावून सांगत होते."

"जरा त्यांच्याकडे द्या."

"बोल गं."

"सर, मी घाई केली. ती दोन ऑक्टोबर आहे."

"कशावरून?"

"फेब्रुवारीत तो तारा सूर्यापाशी होता."

"हे तपासायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

"मग माझीच चूक!" ते हसले की खोकले, काकूंना कळलं नाही. "अशा उलट्या फाइली किती?"

"अकरातल्या दहा. दहा ऑक्टोबरची तेवढी बरोबर आहे. ती कशीही वाचली तरी तीच."

"दहाही आजच सरळ कर. सूनबाई, त्या शेजाऱ्यांना परत बोलाव. खरी तारीख सांगायची राहिलीय."