दोन बोटं वर केलेली सीट

नर्सबाई पडल्या तेव्हा मी मैदानाच्या कडेलाच उभा होतो. गुडघा फुटला, पातळ फाटलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं.

सत्तर-बाहत्तर साल असेल. कोल्हापुरात माझं सायकल रिपेरीचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण हात चांगला. गिऱ्हाईक मिस्त्री, मिस्त्री करत यायचं. मग माझी बायको शांता रोज सकाळी मैदानावर बायकांना सायकल शिकवायला लागली. ती माहेरी, नेसरीला, भावाच्या सायकलवर शिकलेली. पहिल्या आल्या नर्सबाई. त्यांना खेडोपाडी फिरायची नोकरी मिळणार होती, पण महिन्याच्या आत सायकल आली तरच. त्यांच्या मागनं आणखी आठ-दहा जणी आल्या. दुकानात येऊन विचारायच्या, "वैनी हाईत का?" मी पाना घेऊन समोर बसलेला, पण कोण बघतंय! त्यांचे नवरेसुद्धा कुठली सायकल घ्यायची ते तिलाच विचारायचे.

शिकणाऱ्याची सीट खाली ठेवतात. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले की माणूस भीत नाही. त्या सकाळी मी नर्सबाईंच्या सायकलची सीट गुपचूप दोन बोटं वर केली. वाटलं, पाय पोचणार नाहीत, घाबरतील, शांताची शाळा आपोआप बंद पडेल.

बाईंचा नवरा धावत आला. "बास झालं! खड्ड्यात गेली नोकरी. उद्यापासनं यायचं न्हाय."

बाई रडायला लागल्या. गुडघ्यासाठी नव्हे.

शांतानं सायकल उचलून उभी केली. सीटखालचा पाइप बघितला. सीट वर घेतली की आत दडलेला पाइप बाहेर येतो. बाकी सगळा गंजका, तेवढाच चकचकीत. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "अवो, तुमी सांगताय का मी सांगू?"

"सीट मी वर केली," मी मोठ्यानं बोललो. "बाईंची चूक न्हाय."

"का वो मिस्त्री?" नवरा म्हणाला.

"जळलो. सगळी हिलाच विचारत्यात म्हणून."

एक बाई फिसकन हसली. मग सगळ्याच. नवरा तेवढा हसला नाही. "मग धरा की कॅरेज आन् पळा मागनं. ही शिकंपर्यंत सोडायचं न्हाय!"

पंधरा दिवस पळालो. धाप लागायची, शांता लांबून ओरडायची, "मिस्त्री, सरळ धरा!" बाई शिकल्या. नोकरी मिळाली. पुढं नवऱ्याला डबलसीट घेऊन बाजारात जायच्या.

शांता गेली तेव्हा तिच्या मातीला बायका सायकली घेऊन आल्या. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रडता रडता मनात आलं, माझ्या मातीला एवढी माणसं यायची नाहीत.

घरच्या बाईला सायकल शिकवायची असेल तर सीट खाली ठेवा. आणि शिकवणारीच्या नवऱ्याच्या हातात पाना देऊ नका.